पाच टनांचा आस : बार्शी लाईट रेल्वेचा इतिहास

सोलापूर, धाराशिव, लातूर आणि सांगली या जिल्ह्यांतून एक शतकाहून अधिक काळ धावलेल्या बार्शी लाईट रेल्वेची आठवण आज बहुधा एका संथ, अरुंद आणि गर्दीने भरलेल्या गाडीपुरतीच उरली आहे, आणि ती खोटी नसली तरी फार अपुरी आहे. भारतातील लोहमार्ग प्रामुख्याने मोठ्या बंदरांच्या आणि लष्करी हालचालींच्या सोयीने आखले जात होते, त्या काळात एका तालुक्याच्या बाजारपेठेतील मालाचे वजन, तिच्या परिसरातील जमिनीचे चढउतार आणि तिला पेलेल एवढा खर्च यांचा आधी हिशेब करून मग रूळ, डबे आणि इंजिन यांची एकत्रित रचना करण्यात आलेला हा मार्ग होता. त्याच्या जन्माचे कारण आणि त्याच्या अस्ताचे कारण एकच, ते म्हणजे त्याचा हलकेपणा. आणि म्हणूनच या मार्गाचा इतिहास हलकेपणाचा विचार कोठून आला, त्याने काय साधले आणि तो कोठे अपुरा पडू लागला, या क्रमाने पाहणे योग्य ठरते.

दोन रुळांच्या आतल्या कडांमधील अंतराला गेज म्हणतात. भारतात ब्रॉड गेजसाठी हे अंतर १६७६ मिलिमीटर, मीटर गेजसाठी १००० मिलिमीटर आणि नॅरो गेजसाठी ७६२ किंवा ६१० मिलिमीटर असे ठरत गेले. नॅरो गेज म्हटले की डोंगरावरील गाड्या, विशेषतः ६१० मिलिमीटरच्या दार्जिलिंग आणि माथेरानच्या गाड्या डोळ्यांपुढे येतात. परंतु अरुंद मार्गाचा भारतातील आरंभ सपाट मुलखात, गायकवाडांच्या बडोदा संस्थानात झाला होता. तेथे १८६२ मध्ये डभोई आणि मियागाम यांच्या दरम्यान टाकलेल्या रुळांवरून आरंभी बैल गाड्या ओढत असत. बार्शीचा मार्ग ७६२ मिलिमीटरचा, म्हणजे अडीच फुटांचा होता आणि तोही डोंगरासाठी नव्हे, तर बाजारासाठी बांधला गेला.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबईहून आग्नेयेकडे जाणारा मुख्य मार्ग १८६० पर्यंत सोलापूरला पोहोचला आणि १८६३ मध्ये भोर घाट खुला झाल्यावर सोलापूरचा प्रदेश मुंबई बंदराशी अखंड लोहमार्गाने जोडला गेला. याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि दख्खनच्या काळ्या जमिनीतील कापसाला एकाएकी अपूर्व भाव आला. बार्शी ही त्या वेळी सोलापूर जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरची, निजामाच्या मुलखाला खेटून असलेली पेठ होती. बालाघाटावरचा आणि घाटाखालचा कापूस, जवस, करडई आणि ज्वारी तेथे उतरत असे. परंतु मुख्य मार्ग बार्शीपासून सुमारे ३४ किलोमीटर दूर कुर्डुवाडीवरून गेला आणि तेथील स्थानकाला बार्शी रोड असे नाव मिळाले. रेल्वेच्या परिभाषेत एखाद्या गावाच्या नावापुढे ‘रोड’ लागणे म्हणजे ते गाव स्थानकापासून लांब असून तेथे रस्त्याने जावे लागते, असे सांगणे होय. या ३४ किलोमीटरच्या अंतरात सगळा माल बैलगाड्यांनी वाहिला जाई, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत चाके रुतू लागली की ही वाहतूक जवळजवळ थांबे.

ही अडचण ज्याने अभियंत्याच्या नजरेने पाहिली, तो एव्हरार्ड रिचर्ड कॅल्थ्रॉप (१८५७-१९२७) १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत इंजिनांचा निरीक्षक म्हणून भारतात आला होता. मुख्य मार्गाला माल आणून देणाऱ्या पूरक मार्गांचा, ज्यांना फीडर लाईन म्हणत, त्याने रजा घेऊन अभ्यास केला. पुढे त्याने कंपनीची नोकरी सोडली आणि इंग्लंडमध्ये परतून सल्लागार अभियंता म्हणून काम करीत असतानाही बार्शीची योजना हातची जाऊ दिली नाही. भांडवल उभे राहण्यात बरीच वर्षे गेली. अखेर १८९५ मध्ये लंडन येथे बार्शी लाईट रेल्वे कंपनीची स्थापना झाली आणि सरकारशी करार झाला. स्वतःच्या देशात परतल्यावरही दख्खनमधल्या एका तालुक्याच्या पेठेचा इतका काळ पाठपुरावा करणारा अभियंता विरळाच म्हणावा लागेल. (त्याच्या बुद्धीची धाव पुढे रेल्वेपुरतीही राहिली नाही, पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याने वैमानिकांसाठी हवाई छत्री तयार केली आणि तिला ‘गार्डियन एंजल’ असे नाव दिले.)

कॅल्थ्रॉपचा मूळ विचार समजून घेण्यासाठी आस ही एक संज्ञा ध्यानात घ्यावी लागते. दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याला आस म्हणतात आणि एका आसावरून रुळांवर पडणारे वजन म्हणजे आसभार होय. रूळ किती जाड हवा, पूल किती भक्कम हवा आणि खडीचा थर किती हवा हे गाडीच्या एकूण वजनावर नव्हे, तर तिच्या सर्वांत जड आसावर ठरते. तोपर्यंतच्या छोट्या मार्गांवर इंजिनाचे आस जड आणि डब्यांचे हलके असत, त्यामुळे सगळा मार्ग केवळ इंजिनासाठी भक्कम बांधावा लागे आणि डबे मात्र त्या भक्कमपणाचा अर्धाही उपयोग करीत नसत. कॅल्थ्रॉपने आसभाराची मर्यादा ५ टन अशी ठरवली आणि इंजिन असो, मालडबा असो की प्रवासी डबा, भरलेल्या अवस्थेत प्रत्येकाचा आस या मर्यादेच्या जवळ जाईल पण ती ओलांडणार नाही, अशी रचना केली. त्यामुळे एका यार्डाला अवघे ३० पौंड, म्हणजे मीटरला सुमारे १५ किलो वजनाचे रूळ पुरेसे झाले, आणि तरीही चार आसांचा मालडबा स्वतःचे वजन धरून २० टनांपर्यंत जाऊ शकला.

या हिशेबात डबा स्वतः जितका हलका, तितका माल जास्त, हे उघड होते. म्हणून लीड्स येथील कारखान्यात दाबयंत्राने घडवलेल्या पोलादी पत्र्यांच्या सांगाड्यांचे डबे बनवून घेण्यात आले आणि ते दोन बोगींवर बसवण्यात आले. बोगी म्हणजे डब्याच्या टोकाखाली स्वतंत्रपणे फिरू शकणारी चाकांची लहान गाडी, जिच्यामुळे लांब डबाही तीव्र वळणावर रूळ न सोडता वळतो. इंजिने लीड्सच्याच किटसन कंपनीने बांधली. त्यांची चार आसांवरील आठ चाके एकमेकांना जोडून ओढण्याच्या कामी लावलेली होती आणि मागे दोन आसांची एक बोगी होती, म्हणजे सहा आसांवर सुमारे ३० टनांचे इंजिन त्या बारीक रुळांवर उभे राहू शकत होते. हे सगळे साहित्य भारतात रवाना होण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे खास टाकलेल्या चाचणीच्या मार्गावर चालवून जाणकारांना दाखवण्यात आले. पुढे इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात १९०४ मध्ये सुरू झालेल्या लीक अँड मॅनिफोल्ड या अडीच फुटी मार्गाची आखणी कॅल्थ्रॉपने बार्शीच्याच अनुभवावर केली, तेव्हा दख्खनमधील प्रयोगाचे अनुकरण इंग्लंडमध्ये झाले. वसाहतीच्या काळातील तंत्रविद्या नेहमी पश्चिमेकडून पूर्वेकडेच आली, असे सरसकट समजणाऱ्यांनी हे उदाहरण विचारात घ्यायला हवे. तो इंग्रजी मार्ग १९३४ मध्येच बंद पडला आणि बार्शीचा मात्र त्यानंतर सत्तर वर्षांहून अधिक काळ टिकला.

बार्शी रोड ते बार्शी हा पहिला टप्पा मार्च १८९७ मध्ये सुरू झाला. तो काळ सोलापूर जिल्ह्यासाठी अत्यंत कठीण होता. १८९६-९७ च्या दुष्काळाने जिल्हा होरपळत होता, पुण्यामुंबईत प्लेगने थैमान घातले होते, आणि दोनच वर्षांनी १८९९-१९०० चा त्याहून भीषण दुष्काळ यायचा होता. रेल्वेने दुष्काळात धान्य आणले की रेल्वेमुळेच धान्य गावाबाहेर जाऊन दुष्काळ अधिक जीवघेणा झाला, हा वाद त्या पिढीच्या अर्थचिंतनात सतत चालू होता आणि बार्शीच्या मार्गालाही तो लागू पडतो. कापूस आणि गळिताची धान्ये बाहेर नेणे हाच या मार्गाचा मूळ उद्देश होता, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र जेथे बैलच चाऱ्यावाचून मरत होते आणि बैलगाडीची वाहतूक त्यामुळे ठप्प होत होती, तेथे बैलांवाचून चालणाऱ्या वाहनाचे महत्त्व केवळ व्यापारी राहिले नव्हते, हेही तितकेच खरे आहे.

मुख्य मार्ग ब्रॉड गेजचा आणि हा नॅरो गेजचा असल्यामुळे कुर्डुवाडीला प्रत्येक गाठ एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावी लागे. गेज बदलल्यामुळे करावी लागणारी ही चढउतार म्हणजे अरुंद मार्गांवरचा सर्वांत मोठा आक्षेप होता. कॅल्थ्रॉपचे उत्तर असे की, मार्ग स्वस्तात बांधल्याने जी बचत होते तिच्या तुलनेत हमालीचा खर्च क्षुल्लक ठरतो. मजुरी स्वस्त असेपर्यंत हे उत्तर बरोबर होते, पण ते स्वस्त श्रमावर उभे होते, हे त्याच्या मांडणीत पुरेसे उमटत नाही. कुर्डुवाडी हे गाव मात्र याच चढउतारीवर वाढले. हमाल, कारकून, इंजिनचालक आणि कारखान्यातील कारागीर यांची वस्ती होऊन ते रेल्वेचे गाव झाले आणि नॅरो गेजच्या इंजिन-डब्यांच्या दुरुस्तीचा तेथील कारखाना तीन पिढ्यांच्या उपजीविकेचा आधार ठरला. इकडे बार्शीत कापसातून सरकी वेगळी करणारे जिनिंगचे आणि रुई दाबून गाठी बांधणारे प्रेसिंगचे कारखाने, पुढे कापडगिरण्या आणि आडत पेढ्या वाढल्या. ‘बार्शी तिथे सरशी’ ही म्हण ज्या भरभराटीची साक्ष देते, तिच्यात या रुळांचा वाटा मोठा होता.

कुर्डुवाडीहून दुसरी शाखा १९०६ मध्ये पंढरपूरला गेली आणि मालासाठी आखलेला मार्ग वारकऱ्यांचाही झाला. आषाढी आणि कार्तिकी एकादशीला लोटणाऱ्या गर्दीने नेहमीच्या डब्यांची क्षमता कोठल्या कोठे मागे टाकली जाई, आणि यात्रेकरूंना मालडब्यांतून नेणे ही त्या काळी भारतभरच्या यात्रागाड्यांबाबतची तक्रार होती. वसाहतकालीन आरोग्य अधिकारी अशा गाड्यांकडे पटकी पसरवणारे साधन म्हणून पाहत आणि यात्रांवर निर्बंध सुचवीत; यात्रेकरूंना बसायला जागा आणि प्यायला शुद्ध पाणी देण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाकडे मात्र तितक्या तत्परतेने पाहिले जात नसे. रेल्वे आल्यामुळे पायी वारी संपली नाही, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. दिंडीबरोबर जाताना चालायचे आणि परतताना गाडीने यायचे, असा नवा मेळ लोकांनी घातला. शेतीची कामे खोळंबलेली असताना परतीचे दिवस वाचणे कष्टकरी कुटुंबाला फार मोलाचे होते, आणि ज्या म्हाताऱ्यांना व आजाऱ्यांना चालणे शक्य नव्हते त्यांना पंढरीचे दर्शन प्रथमच आवाक्यात आले.

पूर्वेकडचा विस्तार अधिक गुंतागुंतीचा होता. बार्शीच्या पुढे काही अंतरावर मुंबई इलाख्याची हद्द संपून निजामाचे राज्य सुरू होई, आणि येडशीजवळ रामलिंगच्या परिसरात बालाघाटाचा चढ होता. हा मार्ग तडवळ्यापर्यंत आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचला. त्यामुळे एकाच गाडीतून जाणारा व्यापारी दोन राज्यांच्या कायद्यांतून प्रवास करू लागला. निजामी हद्दीत आयात-निर्यातीच्या मालावर जकात वसूल करणाऱ्या खात्याला करोडगिरी म्हणत आणि तेथील नाण्यांना हाली सिक्का. बार्शीत मात्र व्यवहार ब्रिटिश रुपयात, म्हणजे कलदारात होत असे. हाली आणि कलदार यांच्या दरातला फरक, जकातीचा भार आणि गाडीभाडे या तीन आकड्यांचा मेळ घालूनच लातूरच्या आडत्याला भाव काढावा लागे. रेल्वेपूर्वी लातूरकडचा माल बार्शीच्या पेठेत येत असे. रेल्वे लातूरला पोहोचल्यावर खरेदीदार स्वतः तेथे येऊ लागले, आणि ज्या मार्गाने बार्शीला मोठे केले त्यानेच तिच्यासमोर एक तुल्यबळ पेठ उभी केली. भुसार आणि तेलबियांचा लातूरचा बाजार, तेथील तेलगिरण्या आणि डाळगिरण्या यांचा पाया या काळात घातला गेला.

रुळांवरून केवळ माल जात नव्हता. निजामाच्या राज्यात सभा, वृत्तपत्रे आणि संघटना यांच्यावर कडक बंधने असताना इलाख्यातील वर्तमानपत्रे, पुस्तके आणि विचार मराठवाड्याच्या या भागात पोहोचण्याची एक वाट म्हणजे ही गाडी होती. या मार्गावरील कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदारांची परिषद भरली. निजामी मुलखातील एका खेड्यात अशी परिषद भरू शकण्यात तेथे रेल्वे असणे ही गोष्ट गौण मानता येणार नाही. पुढे १९४७-४८ मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या वेळी सोलापूर जिल्ह्याच्या सरहद्दीवर स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प उभे राहिले, तेव्हा हाच सीमाभाग संघर्षाची भूमी झाला.

पश्चिमेकडचा शेवटचा आणि सर्वांत लांब टप्पा पंढरपूरहून सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठे महांकाळ, सलगरे, आरग अशी स्थानके घेत १९२७ मध्ये मिरजेला पोहोचला आणि मार्गाची एकूण लांबी ३२५ किलोमीटरच्या घरात गेली. हा सगळा कमी पावसाचा, विरळ वस्तीचा मुलूख होता. मिरजेला दक्षिणेकडील मीटर गेजचे जाळे आधीपासून होते आणि पुढे पुण्याहून ब्रॉड गेज आल्यावर तिन्ही गेज एकत्र असणाऱ्या देशातील मोजक्या स्थानकांत मिरजेची गणना होऊ लागली. पूर्वेच्या टोकाला मात्र लातूरहून तीसेक किलोमीटरवरील लातूर रोड या निजामी रेल्वेच्या स्थानकाशी हा मार्ग जोडला गेला नाही, त्यामुळे तो लातूरला येऊन थांबला आणि हैदराबादकडे जाणारा थेट दुवा कधीच बनू शकला नाही. ही अपूर्णता या मार्गाच्या भवितव्यासाठी गेजच्या प्रश्नाइतकीच महत्त्वाची ठरली, असे म्हणावे लागेल.

कंपनीच्या हातून हा मार्ग १ जानेवारी १९५४ रोजी भारत सरकारकडे आला. स्वातंत्र्यानंतरही बराच काळ लंडनमध्ये नोंदलेली एक खाजगी कंपनी तो चालवत होती. सरकारी व्यवस्थेत त्याची स्थिती सुधारली नाही, कारण ज्या परिस्थितीसाठी तो बांधला होता तीच आता पालटत होती. राज्य परिवहनाची एसटी १९४८ पासून धावू लागली आणि थोड्याच वर्षांत ती गावाच्या पारापर्यंत पोहोचली; मालमोटार आडतीच्या दारातून माल उचलून थेट मुंबईच्या दारात टाकू लागली, आणि कुर्डुवाडीची चढउतार हा आता केवळ खर्च नव्हे, तर दिरंगाई, गळती आणि नुकसान ठरू लागला. पाच टनांच्या आसभारावर बेतलेल्या रुळांवरून वेग वाढवता येत नव्हता आणि वजनही. बारीक रूळ, लहान डबे, मर्यादित ताकदीचे इंजिन हे सगळे एकमेकांना इतके अचूक जुळवलेले होते की त्यांतील एकच भाग सुधारणे अशक्य होते. वाफेच्या इंजिनांची जागा डिझेल इंजिनांनी घेतली, तरी या मूळ मर्यादेत फरक पडला नाही. तरीही जिथे एसटीचे भाडे परवडत नव्हते तिथे हे स्वस्त तिकीट लोकांना हवेच होते, आणि दूध, भाजी, सरपण घेऊन बाजाराला जाणाऱ्या बायकांसाठी दोन स्थानकांमधला हा प्रवास उत्पन्नाचा भाग होता. रेल्वेच्या तोट्याच्या हिशेबात या उपयोगाला रकाना नव्हता.

देशभर एकच गेज असावे यासाठी रेल्वेने १९९२ मध्ये युनिगेज प्रकल्प हाती घेतला आणि बार्शी लाईटचे रूपांतर टप्प्याटप्प्याने होऊ लागले. कुर्डुवाडी-पंढरपूर हा भाग शतकाच्या वळणावर बदलला, लातूर ते कुर्डुवाडी हा भाग २००८ पर्यंत ब्रॉड गेज झाला, आणि त्याच सुमारास बंद करण्यात आलेला पंढरपूर-मिरज मार्ग २०११ च्या सुमारास नव्या रूपात खुला झाला. अशा रीतीने नॅरो गेजचा शेवट झाला, पण मुलखाच्या नकाशावर कॅल्थ्रॉप आणि त्याच्यानंतरच्यांनी काढलेली रेघ बहुतांशी कायम राहिली. लातूर रोडपर्यंतचे राहिलेले अंतरही याच काळात जोडले गेले. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहर पाण्यावाचून व्याकूळ झाले असता मिरजेहून पाण्याने भरलेली ‘जलदूत’ गाडी पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी या मार्गाने ३४२ किलोमीटर चालून लातूरला आली. पहिल्या फेरीत १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले आणि पुढे ५० वाघिणींच्या गाड्या धावल्या. पाच टनांच्या आसभारावर हे काम झाले नसते, हे रूपांतराच्या बाजूने निःशंकपणे सांगता येते.

रूपांतराच्या वेळी बार्शी आणि येडशी यांच्यामधली आखणी मात्र बदलण्यात आली. रामलिंगच्या घाटातून जाणारा जुना मार्ग सोडून नवा मार्ग धाराशिव शहराकडे वळवण्यात आला. जिल्ह्याचे ठाणे असूनही धाराशिवला तोवर स्थानक नव्हते, कारण जुनी रेघ शहर टाळून पुढे गेली होती. बार्शीला १८६० मध्ये जे भोगावे लागले तेच धाराशिवने पुढच्या शतकात भोगले आणि त्याची भरपाई २१ व्या शतकात झाली. घाटातल्या जुन्या मार्गाचे मातीचे भराव आणि कापलेले खडक अजून ओळखता येतात. ३० पौंडी रुळांसाठी चढाची आणि वळणाची आखणी कशी केली गेली हे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवता येईल असा महाराष्ट्रातील हा दुर्मीळ अवशेष आहे. शेती, रस्ते आणि खाणी त्यावर पसरण्यापूर्वी त्याचे मोजमाप, नकाशे आणि छायाचित्रे व्हायला हवीत, आणि कुर्डुवाडीच्या कारखान्यात काम केलेल्या कारागिरांचे अनुभवही त्यांच्याच शब्दांत नोंदले जायला हवेत.